पाव इंच माया

फिलूमास्तरणीच्या वर्गात पहिला आठवडाभर
कात्रीला कुणी हात लावायचा नाही.
कापड भिजवा, खळ जाऊ द्या, सावलीत सुकवा.
मग इस्त्री. ओढायची नाही,
नुसती ठेवायची आणि उचलायची,
तापलेल्या कपाळावर हात ठेवतात तशी.
ओढलीत की धागा कलतो,
आणि उरेब कापड, त्या म्हणत,
गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखं,
ओढाल तिकडे येतं, राहत कुठेच नाही.

माया किती?
पाव इंच, आम्ही अकराजणी एका सुरात.
जास्त दिलीत तर चौकोन आक्रसतो,
कमी दिलीत तर दुसऱ्या धुण्याला उसवतो.
मशीनच्या पत्र्यावर त्यांनी
जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी लावली होती.
तिच्या कडेकडेनं कापड चालवायचं,
सुईकडे बघायचं नाही.

अर्धं सूत चुकलं तर, बाय?
तारामतीचा प्रश्न, रोजचा.
एका चौकोनात काही नाही.
बारा चौकोनांत पाऊण इंच.
पाऊण इंचातून वारा येतो.

घरी काटकोन बघायला काही नव्हतं.
नवाबागच्या पुळणीवर माझा भाऊ सगुण होड्या बांधतो,
त्याचा गुण्या उचलून आणला,
सागवानी दांड्याचा, उंडीच्या तेलाचा वास येणारा.
त्या वासातच मी सोळा चौकोन कापले,
प्रत्येकात नऊ तुकडे,
चारही बाजू बारा इंच, सुताचाही फरक नाही.
एका कोपऱ्याला गुण्या,
बाकीचे तीन भरवशावर.

मास्तरणीने पट्टी घेतली नाही, गुण्या घेतला नाही.
रिळाचा दोरा तोडला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला,
मग तोच दोरा दुसऱ्या कर्णावर.
दोन सूत उरला.
पुढचा चौकोन, दोन सूत.
सोळाच्या सोळा, दोन सूत.
तुझा हात सरळ आहे गो, त्या म्हणाल्या,
तू ज्याच्यावर विसंबलीस ते बघ.

सगुण गुण्या उलटसुलट करून हसला.
परवाच्या साली पराच्यावरून पडललो.
मग सांगितलं का नाहीस?
"होडयेत खंय गो काटकोन?
ह्याच गुण्यान मी चार होडये बांधलंय,
एक तरी बुडली?"

बारा दिवस शिवले होते. उसवायला किती लागले असते
ते मी मोजलं नाही.
रात्री सोळा चौकोन जमिनीवर मांडले.
सगळे एकाच बाजूला कललेले,
म्हणून एकमेकांत अगदी चपखल,
वांधा फक्त पलंगाशी.

मग एक ओळ उचलली,
तिच्यातला प्रत्येक चौकोन पाव वळसा फिरवला.
पहिली ओळ कलते दक्षिणेला,
दुसरी उत्तरेला, तिसरी पुन्हा दक्षिणेला.
सगुण दारात उभा होता, जेवायला आलेला.
बराच वेळ बघून म्हणाला,
समोरून वारा असलो की शिडाची होडी अशीच जाता.
एकदा हयसून, एकदा थयसून,
पोचता मात्र नाकासमोर.

शिवणींना शिवणी मिळाल्या.
चारी कोपरे जिथे भेटतात तिथे
टाचणीच्या डोक्याएवढंही भोक नाही.
दोन बाजूंच्या कडा मात्र दातेरी झाल्या,
त्या छाटल्या नाहीत.
मास्तरणीने बोट फिरवून पाहिलं,
वहीत माझ्या नावापुढे लिहिलं:
माप चूक. माया बरोबर.

नवा गुण्या मी कुडाळच्या बाजारातून आणला,
दुकानातच दोरा लावून, दुकानदाराला राग येईपर्यंत.
जुना सगुणला परत केला.
पाचवी होडी बांधतोय.